मधला आकडा

इंडस्ट्रियल इंजिनिअर नेमकं काय करतो, हे मी माझ्या आईला शेवटपर्यंत पटवून देऊ शकले नाही. सिव्हिलवाला पूल बांधतो, मेकॅनिकलवाला मशीन बनवतो, इलेक्ट्रिकलवाल्याला निदान फ्यूज तरी बदलता येतो, अशी तिची समजूत. "आणि तू?" मी सांगायचे, "आई, आठ माणसं जे काम करतात ते सहा माणसांत कसं होईल, ते मी बघते." त्यावर ती म्हणायची, "म्हणजे दोघांना काढतेस."

पिंपरी-चिंचवडच्या ज्या कारखान्यात मी उमेदीची वर्षं काढली, तिथल्या युनियनचंही माझ्याबद्दल साधारण हेच मत होतं. कामाला लागणारा वेळ मोजायला गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेली बाई शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात त्या जागी, उतरली की मशीनं जरा दमानं चालायला लागायची. हे काही नवं नाही. कामाचा सेकंदासेकंदाचा हिशेब मांडणाऱ्या अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलरच्या पद्धतीनं स्टॉपवॉच लावायला सुरुवात झाली म्हणून १९११ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात कामगारांनी संपच केला होता. त्याच सुमाराला तिकडे ही शाखा कॉलेजात शिकवायला लागले. पेन स्टेट विद्यापीठात १९०९ मध्ये तिचा स्वतंत्र विभाग निघाला. आपल्याकडे १९६३ मध्ये मुंबईत पवईला 'निटी' ही खास याच शाखेची राष्ट्रीय संस्था सुरू झाली, पण बी.ई.च्या पातळीवर ही शाखा बहुतेक ठिकाणी 'प्रॉडक्शन'च्या पदराआडच राहिली. मीही प्रॉडक्शनचीच.

तर आता माझा भाचा हीच शाखा घ्यायला अमेरिकेला निघालाय. पुण्यातून मेकॅनिकल झालं, मग रांजणगावला नोकरी, आणि आता एमएस इन इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग. हातात दोन ॲडमिट, म्हणजे प्रवेश मिळाल्याची पत्रं, आहेत. एक मोठ्या नावाचं, जिथे दोन वर्षांचा सगळा खर्च साठ लाखांवर जातो. दुसरं एका राज्याचं विद्यापीठ, नाव सांगितलं की ऐकणारा "हे कुठं आलं?" असं विचारतोच. तिथला खर्च त्रेचाळीस लाख. घरचे पंधरा लाख आहेत. उरलेलं कर्ज, म्हणजे एकीकडे पंचेचाळीस लाख, दुसरीकडे अठ्ठावीस. माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तुझीच लाइन आहे. पंचेचाळीस काढायचे का नाही, तेवढं सांग."

भाच्याकडे एक्सेलचा तक्ता तयार होता. इंजिनिअरच्या घरात एक्सेलशिवाय काही ठरत नाही, लग्नसुद्धा नाही. एका रकान्यात विद्यापीठ, दुसऱ्यात पदवीनंतरचा पगार, तिसऱ्यात पदवीधराच्या डोक्यावरचं कर्ज, चौथ्यात एकाला दुसऱ्यानं भागून आलेला आकडा. मोठ्या नावाच्या विद्यापीठासमोर तो आकडा फारच देखणा दिसत होता. "आत्या, हे सगळं सरकारी आहे," तो म्हणाला.

सरकारी होतं हे खरं. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाची सोय केलेली आहे. कुठल्या कॉलेजातून कुठली शाखा घेतलेल्यांना पुढे किती पगार मिळाला आणि त्यांच्यावर कर्ज किती होतं, हे तिथे कोणालाही बघता येतं. पगार मुलांना फॉर्म पाठवून विचारलेला नसतो, कराच्या नोंदींवरून काढलेला असतो. आपल्याकडे कॉलेजच्या गेटवर 'हायेस्ट पॅकेज'चा फ्लेक्स लागतो आणि त्यावर एकाच मुलाचा फोटो असतो. त्या तुलनेत ही चीज केव्हाही चांगली. त्यात सरासरीही नाही, मध्यक आहे. म्हणजे सगळ्या पदवीधरांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधोमध उभ्या असलेल्याचा पगार. एखादा मुलगा न्यूयॉर्कच्या फायनान्स कंपनीत गेला म्हणून तो आकडा फुगत नाही.

पण ओळीत कोण उभं आहे, हे विचारायला हवं. स्कोअरकार्डच्या पगाराच्या हिशेबात ज्यांनी अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून शैक्षणिक मदत घेतली आहे असेच विद्यार्थी धरतात. ती मदत तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या काही मोजक्यांनाच मिळते. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला ती मिळत नाही. म्हणजे रांजणगावहून गेलेला मुलगा त्या ओळीत कुठेच नाही, मध्यावर नाही आणि टोकालाही नाही. त्याच्याआधी त्याच विद्यापीठात शिकलेली पुण्या-मुंबईची, हैदराबादची सगळी मुलं त्या आकड्याच्या बाहेर आहेत.

कर्जाच्या रकान्याची गंमत आणखी वेगळी. तो मध्यक फक्त केंद्र सरकारच्या कर्जाचा आणि फक्त ज्यांनी ते घेतलं त्यांचा. खासगी बँकेचं कर्ज त्यात येत नाही. शिवाय आईवडिलांवर अवलंबून असलेल्या तिथल्या विद्यार्थ्याला पहिल्या पदवीसाठी स्वतःच्या नावावर सगळे मिळून ३१,००० डॉलरपेक्षा जास्त सरकारी कर्ज मिळतच नाही, तशी कायद्याचीच मर्यादा आहे. त्यामुळे कॉलेज महाग असो की स्वस्त, तो रकाना फारसा वर जाऊ शकत नाही. आणि भाच्यानं आकडे घेतले होते ते बी.एस.चेच, म्हणजे पहिल्या पदवीचे, कारण मास्टर्सच्या जागी बऱ्याच ठिकाणी रकाना कोरा होता. मुलं थोडी असली की कोणाचा पगार ओळखू येऊ नये म्हणून आकडा झाकतात, आणि इंडस्ट्रियलच्या मास्टर्सच्या वर्गांत आपल्यासारखी बाहेरून आलेली मुलं पुष्कळ. अमेरिकन मदत घेणारी उरतात किती!

त्यातून तिथल्या मुलाचं सरकारी कर्ज आणि आपलं कर्ज या दोन जातीच वेगळ्या. तिकडे उत्पन्न घटलं तर उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता कमी करून घेण्याची सोय असते. आपल्याकडे परदेशी शिक्षणाचं कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते. तारण म्हणजे कोथरूडचा फ्लॅट, जो भावानं चौदा वर्षं हप्ते भरून नुकता मोकळा केलाय. को-ॲप्लिकंट म्हणजे तो स्वतः, आणि तो साडेतीन वर्षांत रिटायर होतोय. बिनतारणाचं कर्जही मिळतं खासगी वित्त कंपन्यांकडून, पण तिथे व्याज चढं आणि त्यातलं काही शिकत असतानाच भरायला लावतात. 'शिकल्यावर बघू' ही चैन सगळ्यांना नसते.

मग भाच्यानं दुसरा आकडा काढला. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याप्रमाणे मे २०२४ मध्ये इंडस्ट्रियल इंजिनिअरचा मध्यक पगार वर्षाला १,०१,१४० डॉलर होता. आकडा बरोबर आहे. पण यात बावीस वर्षांचा पोरगाही आला आणि तीस वर्षं प्लँट चालवलेला बाबाही आला. शिवाय ही नोकरी देतं कोण ते बघा. इंडस्ट्रियल इंजिनिअर मोठ्या संख्येनं लागतात ते वाहन आणि विमानं बनवणाऱ्यांना. त्यातल्या लष्करी कामाला, माहिती परदेशी माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून, निर्यात नियंत्रणाचे नियम लागू असतात, आणि म्हणून त्या जाहिरातींच्या तळाशी एक ओळ असते: नागरिक किंवा कायम रहिवासी असणं आवश्यक. सॉफ्टवेअरला गेलेल्या मुलाला ही ओळ क्वचित आडवी येते. इंडस्ट्रियलच्या मुलाला ती वरचेवर येते, कारण त्याचं काम जिथे खरी वस्तू बनते तिथेच असतं. त्याच्या वाट्याला मग गोदामं, इस्पितळं, सप्लाय चेन, गाड्यांचे सुटे भाग, चिपचे कारखाने. कामं चांगली आहेत, काही तर फारच चांगली आहेत. इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक बसवणं हे मला आजही शॉपवरच्या कुठल्याही लाइनपेक्षा अवघड आणि रंजक वाटतं. पण दारं कमी आहेत, आणि मधला आकडा सगळी दारं उघडी धरून काढलेला आहे.

व्हिसाचं घड्याळ तर मी हातात धरलेल्या कुठल्याही स्टॉपवॉचपेक्षा निष्ठुर. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानाची) शाखा म्हणून आणखी २४. पहिल्या वर्षात बेकारीचे एकूण ९० दिवस झाले की मुक्काम हलवायचा. पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, ज्याची वर्षाची मर्यादा ८५,००० आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट, म्हणून सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली तेव्हा भावाचा रात्री अकराला फोन आला होता. ती फी कोणाला लागू, कोणाला नाही, यावर पुढे खुलासे आले. पण कर्ज दहा वर्षांचं असतं आणि नियम एका रात्रीत बदलतो, एवढं त्या फोननंतर दोघांच्याही ध्यानात आलं.

मला या सगळ्यात खटकत होतं ते वेगळंच. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात 'इंजिनिअरिंग इकॉनॉमी' नावाचा विषय असतो. यंत्र घ्यावं की न घ्यावं, पैसे किती वर्षांत वसूल होतात, पुढच्या पैशाचं आजचं मोल काय, हे सगळं त्यात शिकवतात. म्हणजे जी पदवी घ्यायची, ती घ्यावी की नाही हे ठरवण्याचं हत्यार त्या पदवीतच मिळतं! भाच्यानं ते हत्यार न शिकताच वापरलं होतं, आणि बरं वापरलं होतं. दोन वर्षांचा बुडणारा पगार, त्याच्या हिशेबानं अकरा लाख, हेसुद्धा त्यानं खर्चात धरलं होतं. हे पुष्कळांना सुचत नाही. पण त्याचा सगळा तक्ता मधल्या माणसासाठी होता. आणि कारखान्यात पहिल्या वर्षी अंगावर घेऊन शिकावी लागते ती गोष्ट ही, की लाइन सरासरीवर चालत नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या शाखेचा जीव इथे आहे. एक मशीन घ्या. त्याच्यापुढे जॉब, म्हणजे त्यावर करायचे नग, येतात ते ठरलेल्या वेळाने नाही, कधी तीन एकदम, कधी अर्धा तास एकही नाही. प्रत्येक जॉबला लागणारा वेळही कमीजास्त. आता मशीनवर सरासरीनं ८० टक्के काम आहे, म्हणजे २० टक्के वेळ ते रिकामं. अशा वेळी गणितानं तिथे सरासरी ४ जॉब असतात, एक मशीनवर आणि बाकीचे रांगेत. काम वाढवून ९० टक्क्यांवर न्या, ४ चे ९ होतात. ९५ वर न्या, १९ होतात. नवा मॅनेजर येतो, मशीन २० टक्के वेळ रिकामं बघून त्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो ते ९५ टक्के भरतो. मग शॉपभर ट्रॉल्या साठतात आणि डिस्पॅचवाला शिव्या घालतो. चूक कामगाराची नसते, मशीनचीही नसते. चढउतार झेलायला जी मोकळी जागा लागते, तीच विकून टाकलेली असते.

घराचं उत्पन्न हेही तसंच मशीन आहे. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो, त्याला चढउतार नाही. पगाराला आहे. म्हणून मी भाच्याला म्हटलं, मधला पगार आणि कर्ज यांचा भागाकार पुसून टाक. वाईट वर्ष कसं दिसेल ते लिही, आणि त्या वर्षात हप्ता निघतो का ते बघ.

बसलो मग दोघं. व्याज ११ टक्के धरलं, फेड दहा वर्षांची. एका लाखाला महिन्याला साधारण १,३७८ रुपये पडतात. ४५ लाखांना ६२,००० रुपये. पण तेवढ्यावर भागत नाही. शिकतानाची दोन वर्षं आणि वर सहा महिने हप्ता नसतो, व्याज मात्र असतंच. पैसे चार सेमिस्टरला चार वेळा उचलले असं धरलं तरी साडेआठ लाखांवर व्याज साठतं. साडेत्रेपन्न लाखांचा हप्ता झाला ७४,०००. तेच २८ लाखांचे होतात तेहतीस-साडेतेहतीस, हप्ता ४६,०००.

अमेरिकेत बरी नोकरी लागली तर ७४,००० रुपये म्हणजे महिना नऊशे डॉलरच्या आत. दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलाला ते सहज जमतं, आणि रुपया घसरला तर आणखीच सोपं, कारण कमाई डॉलरची आणि देणं रुपयाचं. २०१९ मध्ये सत्तरच्या आसपास असलेला डॉलर २०२२ मध्ये ऐंशीला पोचला, तेव्हा जुनं कर्ज फेडणारी मुलं खूश होती आणि पुढच्या सेमिस्टरची फी भरायची असलेले आईबाप हवालदिल. एकच बातमी, एकाच गल्लीत.

वाईट वर्ष म्हणजे तो ओपीटीतून परत आला आणि इथे पुन्हा चाकण-रांजणगावला लागला. हातात साठ-पासष्ट हजार येतील असं मी धरलं, कारण इथल्या एचआरला अमेरिकेच्या एमएसचं कौतुक असतं ते चहापुरतं. त्यात ७४,००० चा हप्ता बसतच नाही. मग तो भावाच्या पेन्शनवर येतो, त्यानंतर फ्लॅटवर. ४६,००० बसतो, पण श्वास घ्यायला जागा ठेवत नाही.

"पण आत्या, मोठ्या नावाच्या ठिकाणी परत यायची वेळ येण्याची शक्यताच कमी ना?" हा त्याचा खरा मुद्दा होता, आणि तो पोकळ नव्हता. मोठ्या विद्यापीठाच्या करिअर फेअरला जास्त कंपन्या येतात. पण व्हिसाच्या सोडतीत चिठ्ठीवर विद्यापीठाचं नाव बघत नाहीत, आणि 'कायम रहिवासी आवश्यक' ही ओळ दोन्हीकडच्या मुलांना सारखीच लागू. सतरा लाख जास्तीचे द्यायचे तर त्यानं वाईट वर्ष किती टळतं, हे कोणीतरी दाखवायला हवं. नावामुळे चांगलं वर्ष अधिक चांगलं होतं, याबद्दल माझी शंका नाहीच.

मी त्याला इथलेही रस्ते सांगितले. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या 'गेट' परीक्षेला 'प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल' असा वेगळा पेपर असतो. त्यातून एम.टेक.ला गेलं तर दरमहा १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, म्हणजे कर्ज तर नाहीच, वर चहापाणी. पवईची निटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, फी आता स्वस्त राहिली नाही, पण कर्ज रुपयातलं आणि पगारही रुपयातला, एवढं तरी सरळ असतं. त्यानं ऐकून घेतलं. ऐकून घेणं आणि ऐकणं यातला फरक आत्याला कळतोच.

"तुला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग हवंय का अमेरिका?"

"दोन्ही," तो म्हणाला. प्रामाणिक उत्तर होतं. बऱ्याच घरांत याचं उत्तर 'शिक्षण' असं देतात.

एका बाबतीत मात्र तो मला योग्य वेळी निघालाय असं वाटतं. ही शाखा कारखाना बघितलेल्याला जास्त देते. ज्यानं सेकंड शिफ्टला मटेरियल न आल्यामुळे थांबलेली लाइन पाहिलीय, मशीन किती वेळ बंद होतं त्याचा सुपरवायझरनं खोटा भरलेला रिपोर्ट पाहिलाय, त्याला सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये काय घालायचं ते कळतं. सरळ बी.ई. करून गेलेल्या मुलाला ते पुस्तकातलं वाटतं. नोकरी देणाऱ्यालाही हा फरक मुलाखतीत दहा मिनिटांत दिसतो. पगाराच्या कुठल्याच सरकारी रकान्यात हे सापडणार नाही.

पुढे ठरलं ते असं. कर्ज २८ लाखांच्या वर न्यायचं नाही. शिकत असताना साठणारं व्याज भाऊ रिटायर होईपर्यंत दर महिन्याला भरत जाणार, सुरुवातीला फक्त एका सेमिस्टरचे पैसे उचललेले असतील तेव्हा ते सहा-साडेसहा हजार, शेवटी शेवटी पंचवीस हजारांवर. म्हणजे मुद्दल फुगणार नाही आणि हप्ता साडेअडतीस हजारांवर राहील. या व्याजावर आयकराच्या जुन्या करपद्धतीत सूट मिळते, तेव्हा भावानं नव्या करपद्धतीत उडी मारायच्या आधी सीएला विचारायचं. भावजयीचं म्हणणं एवढंच होतं की फ्लॅटची मूळ कागदपत्रं बँकेत द्यायच्या आधी त्याची रंगीत झेरॉक्स नाही तर स्कॅन काढून ठेवा, एवढ्या हिशेबात हे कोणाला सुचलं नव्हतं.

आणि भाच्याला मी एक काम लावलं. दोन्ही विभागांना ई-मेल लिहायचा: मागच्या दोन वर्षांत तुमच्याकडून इंडस्ट्रियलमध्ये एमएस झालेल्या, विद्यार्थी व्हिसावरच्या किती मुलांना सहा महिन्यांत नोकरी लागली, आणि कुठे? कमी नावाच्या विद्यापीठातल्या समन्वयक बाईंनी तिसऱ्या दिवशी उत्तर पाठवलं. यादी छोटी होती, कंपन्यांची नावं अर्धी अनोळखी, आणि तिघांपुढे 'अजून शोधात' असं स्वच्छ लिहिलेलं. शिवाय दुसऱ्या सेमिस्टरपासून असिस्टंटशिपला, म्हणजे विभागातल्याच पगारी कामाला, अर्ज करता येईल, तुझा शॉपचा अनुभव लॅबमध्ये उपयोगी पडेल, अशी एक ओळ. मोठ्या नावाच्या विद्यापीठाकडून ब्रोशर आलं. भाचा अजून त्या ब्रोशरकडे बघतो अधूनमधून. छापलंय मात्र सुरेख.